एका अट्टल हरणाऱ्याची मतं

मराठी माणसाला मतं असतात ह्याबद्दल दुमत नाही. नाटकाला गेला तर नाटकापेक्षा मध्यंतरातल्या बटाटेवड्याबद्दल त्याचं मत अधिक ठाम असतं. पुस्तकांची परीक्षणं छापून येतात, मैफलींची येतात, हल्ली मिसळीचीसुद्धा येतात आणि त्यांत तर्रीच्या रंगावर स्वतंत्र परिच्छेद असतो. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं घरोघरची पोरं, आणि पोरं झोपल्यावर त्यांचे बाप, ज्या व्हिडिओ गेमांपुढं माना मोडून बसले, त्यांच्याविषयी आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, 'डोळे जातील.' दुसरं, 'आधी अभ्यास कर.' दोन्ही मतांत तथ्य आहे, पण ह्याला समीक्षा म्हणत नाहीत.

तेव्हा हे काम मी अंगावर घेतलं आहे. आता कुणी विचारील, की बाबा रे, तुझा अधिकार काय? अधिकार एवढाच, की मी चाळीस वर्षं सातत्यानं हरतो आहे. जिंकणारा माणूस गेम संपवून उठतो आणि चहा प्यायला जातो. हरणारा तिथंच बसून 'असं झालंच कसं' ह्याचा विचार करतो. सासर कसं आहे हे जावयाला विचारायचं नसतं, सुनेला विचारायचं असतं. गेमांच्या बाबतीत मी सून आहे.

पहिला मान पॅक-मॅनचा. १९८० साली नामको ह्या जपानी कंपनीतल्या तोरू इवातानी ह्यांनी तो काढला. त्या काळी गेम म्हटला की गोळीबार, विमानं, परग्रहावरचे हल्लेखोर. ह्या गृहस्थांनी विषय घेतला खाण्याचा. नायक म्हणजे नुसतं एक तोंड. हात नाहीत, पाय नाहीत, पोटसुद्धा नाही. तोंड उघडं ठेवून चालत सुटायचं. अशा नायकांना मी लग्नाच्या पंगतीत अनेकदा वाढलेलं असल्यामुळं मला तो पहिल्या भेटीतच घरचा वाटला. जपानात त्याचं नाव 'पक-मॅन' होतं. अमेरिकेला पाठवताना बारशाचा कार्यक्रम पुन्हा झाला, कारण इंग्रजीतल्या पहिल्या अक्षराचा जरासा भाग कुणा व्रात्य पोरानं खरवडला असता तर उरलेलं नाव सहकुटुंब वाचण्याजोगं राहिलं नसतं.

आमच्या गावात थिएटरच्या शेजारी एक पार्लर होतं. (त्या काळी पार्लर म्हणजे मुलग्यांनी जायची जागा होती.) रुपयाला एक टोकन. आठवड्याच्या खाऊचे पैसे दीड मिनिटात संपायचे. सगळ्यांची समजूत अशी, की ती चार भुतं आपली सैरावैरा धावतात. तसं मुळीच नाही. त्या चौघांना चार स्वभाव दिले आहेत, आणि ह्या गेमची थोरवी तिथं आहे. तांबडं भूत सरळ तुमच्या पाठीस लागतं, पतपेढीच्या वसुली कारकुनासारखं. गुलाबी भूत तुमच्या मागे येतच नाही. तुमच्या तोंडापुढची चार घरं हेरून तिथं जाऊन उभं राहतं. आळीत अशी एक काकू असतेच. आपण कोपरा वळायच्या आत ती कोपऱ्यावर हजर, आणि 'काय रे, निकाल लागला म्हणे?' निळसर भुताचं गणित तांबड्याच्या जागेवर अवलंबून असतं, म्हणजे एकट्यानं त्याच्या हातून काही होत नाही. आणि चौथं नारिंगी! ते मोठ्या आवेशानं तुमच्या अंगावर येतं आणि जवळ पोचल्यावर एकाएकी काही आठवल्यासारखं आपल्या कोपऱ्याकडे निघून जातं. लग्नकार्यात 'काही लागलं तर सांग हं' म्हणणारा चुलतभाऊ मी ह्याच्यावरून ओळखायला शिकलो.

चक्रव्यूहात २४० बारके ठिपके आणि ४ मोठे. मोठा ठिपका गिळला की भुतं निळी पडून थरथरतात आणि तेवढ्या वेळात आपण त्यांना खायचं. साहेबाच्या बदलीची ऑर्डर आल्यावर कचेरीत जो आठवडा येतो, तसा हा काळ. पण जसजसे वरच्या पायरीवर जावं तसतसा हा काळ आखडत जातो आणि पुढं पुढं तर भुतं निळी पडतच नाहीत. हे मला फार खरं वाटतं. शेवटी २५६वी पायरी. पायऱ्या मोजायचा आकडा यंत्राच्या ज्या खणात ठेवला होता त्यात २५५च्या पुढं मावतच नव्हतं. त्यामुळं तिथं पडद्याचा उजवा अर्धा भाग फुटक्या अक्षरांनी आणि आकड्यांनी भरून जातो. ठिपके पुरेसे नाहीत, रस्ता दिसत नाही, पायरी पुरी होणं शक्य नाही. बांधणाऱ्याला वाटलं नसावं की कुणी इतकं वर येईल. काही बहाद्दर आले. माझ्या बाबतीत त्याचा अंदाज अचूक निघाला.

मारिओबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याची स्तुती करायला जगात माणसं पुष्कळ आहेत. मिशा आणि टोपी हे त्याचं सगळं सौंदर्य, आणि तेही अडचणीतून आलेलं: इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड आणि केस काढता येईनात म्हणून मियामोतो ह्यांनी मिशी लावली आणि टोपी घातली. आधी हा सुतार होता, मग नळवाला झाला. १९८५च्या त्या प्रसिद्ध गेमात तर काटकसर अशी, की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा. एकाच साडीचे आधी पडदे आणि मग उशांचे अभ्रे शिवणाऱ्या माझ्या आजीला हे फार आवडलं असतं. गेम सुरेखच. पण माझी तक्रार त्या राजकन्येबद्दल आहे. आगीवरून उड्या मारत, भिंती फोडत वाड्यात पोचावं, तर तिथं एक हुजऱ्या नम्रपणे सांगतो, की बाईसाहेब दुसऱ्या वाड्यात आहेत. असं एकदा नाही, सात वेळा. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करून घेतलेल्या माणसाला ह्यात करमणूक कसली?

हे गेम घरात आले ते चिनी बनावटीच्या टीव्ही गेममधून. तो मी नोकरीला लागल्यावर भाच्यासाठी आणला, असं घरी सांगितलेलं आहे. त्याच्याबरोबर एक पिवळी कॅसेट आली. तिच्यावर ९९९९९९ गेम असल्याची ग्वाही छापली होती. कुठल्या कारखान्यानं छापली होती ते त्या कॅसेटनं कधीच उघड केलं नाही. मी आणि भाच्यानं एक अख्खा रविवार घालवून खानेसुमारी केली. गेम निघाले सात. उरलेले त्याच सातांचे नातेवाईक: तोच मारिओ, पण तिसऱ्या पायरीपासून, तेच रणगाडे, पण रंग वेगळा. भाचा रडायला आला होता. मी त्याची समजूत घातली, की आपल्याकडे देवही तेहतीस कोटी सांगतात, पण पूजेला चार-पाचच असतात.

त्या सातांत कॉन्ट्रा होता. कॉन्ट्रा हा गेम नसून नातेसंबंधांची परीक्षा आहे. दोघांनी एकदम खेळायचं, आणि वर चढायच्या पायरीवर एकानं घाई केली की दुसरा पडद्याखाली राहून मरतो. त्यावर उतारा म्हणून कुणा पुण्यवंतानं एक मंत्र सांगितला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग ती दोन बटणं, की तीनाऐवजी तीस जीव. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो ह्यांनी आधी ग्रॅडियस नावाच्या विमानाच्या गेमात घातला होता, कारण तो गेम तपासताना त्यांना स्वतःलाच पार करता येईना. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. स्वतःच लावलेली चाळणी स्वतःला जड जाते हे ओळखून कागदावर तसं लिहून ठेवणारा परीक्षक आमच्या विद्यापीठाला लाभला नाही.

आणि डक हंट. ह्या १९८४च्या गेमात बदकं मारायची बंदूक असे. बंदुकीतून काहीही सुटत नाही. उलट ती बघते. चाप ओढला की डोळ्याला कळायच्या आत पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं. युक्ती झकास. पण नेम चुकला की गवतातून एक कुत्रा उभा राहतो आणि तोंडावर पंजा धरून हसतो. घरगुती आवृत्तीत त्याला गोळी लागत नाही. भाच्यानं नळी काचेला टेकवून पाहिली, मीही पाहिली. हल्लीच्या सपाट टीव्हीवर ती जुनी बंदूक चालतच नाही, त्यामुळं कुत्र्याचा हिशेब कायमचा राहून गेला आहे.

आता टेट्रिस. इथं मी जरा सावरून बसतो.

१९८४ साली मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव नावाच्या माणसानं हा केला. ज्या यंत्रावर केला त्याला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून चौकोनांच्या जागी कंस छापले. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. झालं, नियम संपले. आमच्या वडिलांना मे महिन्यात कोकणात जायच्या आदल्या रात्री ट्रंक भरताना ज्यानं पाहिलं आहे त्याला आणखी काही समजावून सांगायला नको. 'तो डबा आडवा घाल. आडवा! आता त्या फटीत पंचा.' ती ट्रंक भरून झाकण लागलं की आई स्वयंपाकघरातून लोणच्याची बरणी घेऊन येत असे. टेट्रिसमध्ये ही बरणी सतत पडत असते.

ह्या गेमात शत्रू नाही. कुणी तुमच्यावर राग धरलेला नाही. तुम्हाला हवी असते ती चार घरांची लांब काठी, आणि ती येत नाही. एक बाजू मोकळी ठेवून, जिवाचा आटापिटा करून तिची वाट बघायची, ती येत नाही. शेवटी कंटाळून ती जागा बुजवावी आणि पाठोपाठ दोन याव्या. एस.टी.च्या थांब्यावर उभं राहून मिळवलेलं ज्ञान इथं कामाला येतं. अलीकडच्या आवृत्त्यांत सुधारणा केली आहे: सातही आकार एका पिशवीत घालून काढतात, मग दुसरी पिशवी, त्यामुळं दोन काठ्यांच्या मध्ये जास्तीत जास्त बारा तुकडे येतात. माझं प्रांजळ मत, ही सुधारणा गेमच्या मुळावर आली. काठी येणारच आहे हे माहीत झालं की वाट बघण्यातलं दुःख गेलं, आणि टेट्रिसमधून ते काढलं की उरतं ते रेशनचं दुकान.

पाजितनोवच्या वाट्याला काय आलं? हक्क सोव्हिएत सरकारचे. जपानी कंपनीनं १९८९ साली हातातल्या छोट्या यंत्राबरोबर तो जगभर पोचवला, आगगाड्यांत, इस्पितळांत, संडासांत माणसं तो खेळू लागली. आणि ज्यानं केला त्याला रॉयल्टी सुरू झाली ती १९९६पासून. बारा वर्षं हा माणूस त्या लांब काठीची वाट बघत होता म्हणायचं. आपल्याकडे त्याची प्लॅस्टिकची नक्कल 'ब्रिक गेम' ह्या नावानं जत्रेत मिळे. तिच्यावरही गेमांचा आकडा नऊनऊनऊनऊ असाच छापलेला, पण तोवर आम्ही शहाणे झालो होतो.

ह्या गेमला शेवट नाही असं सगळे म्हणत. १९८९च्या त्या जुन्या आवृत्तीत २९व्या पायरीनंतर तुकडे इतके भरभर पडतात की माणसाचं काम नव्हे, असं कैक वर्षं मानलं जात होतं. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या तेरा वर्षांच्या मुलानं १५७व्या पायरीवर जाऊन अखेर त्या यंत्रालाच गोठवलं. चौतीस वर्षांत प्रथमच माणसाच्या आधी टेट्रिसनं हात टेकले. ही बातमी मी आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "त्याच्या आईनं त्याला जेवायला हाक मारली नाही का?" समीक्षा म्हणजे हीच.

कचेरीत संगणक आले तेव्हा आम्हां कारकुनांना भीती वाटत होती, की तो आमची कामं खाईल. प्रत्यक्षात त्यानं पत्ते वाटले. १९९० साली विंडोजबरोबर आलेला सॉलिटेअर तिथं शिकाऊ म्हणून लागलेल्या एका पोरानं लिहिला. त्याला त्याचा एक छदामही मिळाला नाही. लोकांना माउस धरून वस्तू ओढायची सवय लागावी असा त्यामागचा उदात्त हेतू सांगतात. आमच्या शाखेत ती सवय इतकी लागली, की दुपारी तीन ते पाच दुसरं काही ओढलंच जात नसे. त्या पोरानं म्हणे मुळात एक बटणही ठेवलं होतं: साहेब आला की ते दाबायचं आणि पडद्यावर हिशेबाचा खोटा तक्ता येणार. कंपनीनं ते काढायला लावलं. २००६ साली न्यूयॉर्कच्या महापौर ब्लूमबर्ग ह्यांनी एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर हे पत्ते पाहिले आणि त्याला नोकरीवरून काढलं. त्या बटणाची किंमत तेव्हा कळली.

माइनस्वीपर मात्र मला दुष्ट वाटतो. पहिल्या टिचकीला तो सुरुंग लागू देत नाही. लागणार असेल तर गुपचूप उचलून दुसरीकडे ठेवतो. इतका सभ्य. मग ४८० घरांतले ९९ सुरुंग तर्कानं, घाम गाळून शोधत शेवटास यावं, आणि उरावी दोन घरं, सुरुंग एक. तर्क संपला. आता छापा-काटा. तासभर माणसाला बुद्धीनं वागायला लावून निकाल चिठ्ठी टाकून लावायचा, हे मला बढतीच्या मुलाखतीतच पाहायची सवय होती.

ह्या सगळ्यांत मला मनापासून श्रेष्ठ वाटलेला गेम १९८९चा प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेक्नर ह्या पोरगेल्या माणसानं धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं, एकेक चित्र गिरवून राजपुत्र उभा केला. संगीत वडिलांचं. म्हणजे पापड-लोणच्यासारखा घरगुती उद्योग. म्हणूनच त्या राजपुत्राला वजन आहे. मारिओ उडतो तो चेंडूसारखा. हा उडतो तेव्हा आधी पाय रोवतो, कठडा हातात आला की लोंबकळतो आणि धापा टाकत असावा असं वाटतं. चुकला की खाली खिळ्यांवर. साठ मिनिटांत तळघरातून राजकन्येपर्यंत पोचायचं.

मध्येच एका आरशातून उडी मारावी लागते, आणि आरशातलं आपलंच प्रतिबिंब बाहेर पडून पळून जातं. पुढं ते आडवं येत राहतं. आपल्यासमोरची औषधाची बाटली तेच पिऊन टाकतं, आपल्याला खाली लोटतं. अखेर तलवार घेऊन समोर उभं. आपण वार करावा तर जखम आपल्याला. कितीही चपळाई करा, त्याचं रक्त म्हणजे आपलं रक्त. मी महिनाभर त्याला मारत होतो आणि मरत होतो. मग एका संध्याकाळी, कचेरीत कुणी नसताना, वैतागून मी तलवार म्यान केली. त्यानंही केली. मी पुढं चालत गेलो, तोही आला, आणि दोघं एक झालो. हत्यार खाली ठेवल्यावरच पार होणारी पायरी! कुणी सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं. मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. पहारेकऱ्यानं येऊन दिवे घालवले तेव्हा राजपुत्राची साठ मिनिटं केव्हाच संपली होती.

चिरंजीव मोठे झाले तसे गेमही मोठे झाले. व्हाइस सिटीत (२००२) माणसानं गुंड व्हावं अशी अपेक्षा असते. मी टॅक्सी चालवली. शंभर गिऱ्हाइकं पोचवली की टॅक्सीला उडी मारता येते, हे मी चिरंजीवांना दाखवलं तेव्हा त्यांनी प्रथमच माझ्याकडे आदरानं पाहिलं. तिथं तांबडा दिवा तोडला तर पोलीस ढुंकून बघत नाही, आणि तरीही बाकीच्या गाड्या निमूट थांबतात. पुण्याचा भाग वाटेपर्यंत ठीक होतं, पण ह्या थांबण्यानं सगळा खरेपणा गेला. सिव्हिलायझेशन ह्या राज्यं चालवायच्या गेमात गांधीजी अणुबाँब टाकतात अशी आख्यायिका आहे: म्हणे त्यांची आक्रमकता एकवरून दोननं कमी करताना यंत्रानं हिशेब चुकवून ती २५५ केली. कर्ते सिड मायर ह्यांनी २०२०च्या आपल्या आत्मकथनात असं काही घडलंच नसल्याचं सांगितलं. पण दंतकथा लोकांना इतकी आवडली होती, की मधल्या काळात २०१०च्या आवृत्तीत ती मुद्दाम खरी करून टाकली होती. पब्जीबद्दल काय बोलावं? शंभर माणसं विमानातून उड्या टाकतात, वर्तुळ आखडत जातं आणि उरतो एक. चर्चगेट फास्टला विरारला बसायला जागा मिळवलेल्याला ह्यात नवीन काही नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं त्यावर बंदी घातली तेव्हा आमच्या घरात दोन दिवस सुतक होतं.

डार्क सोल्सची गोष्ट वेगळी. २०११चा हा गेम चिरंजीवांनी माझ्या हातात दिला तो सूड म्हणून. सुरुवातीलाच हातात मोडकी तलवार आणि समोर दुमजली राक्षस. दर वेळी पडद्यावर मोठ्या अक्षरांत आपण मेल्याचं प्रसिद्ध होतं. अकराव्यांदा मेल्यावर मला बाजूला एक उघडं दार दिसलं. पळून जायचं! नवी पिढी ह्याला अवघड म्हणते. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात गनिमी कावा वाचलेल्या माणसाला ते दार दिसायलाच हवं. अवघड आहे, पण लबाड नाही. मेलो तर का मेलो ते दरवेळी कळतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) ह्याच्या उलट: दिसायला देखणा, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, हरवलेल्या भावाला बहीण शोधते, पण रंगात आलेल्या कीर्तनातून बुवांनी गाडी गाठायला उठावं तसा एकदम संपतो.

आता ज्या गेमांवर माझा खरा राग आहे ते. हे फुकट असतात. पार्लरवाला आधी रुपया घ्यायचा आणि मग हरवायचा. व्यवहार उघड होता. हे आधी हरवतात आणि मग रुपया मागतात. कॅन्डी क्रशनं (२०१२) पाच जीव दिले, गेलेला जीव परत यायला अर्धा तास. थांबायचं नसेल तर मित्रांकडे मागा, नाहीतर पैसे मोजा. २०१५च्या ऑक्टोबरात झुकरबर्गसाहेब दिल्लीच्या आय.आय.टी.त आले तेव्हा त्यांना आलेला एक प्रश्न देशाच्या भवितव्याबद्दल नव्हता. ह्या गोळ्यांची निमंत्रणं कशी थांबवायची, असा होता.

अशाच एका दुसऱ्या रंगीत गेमनं (नाव घेत नाही) आमच्या आईला धरलं. वडील गेल्यानंतर दुपार तिला खायला उठायची, म्हणून मीच फोन दिला होता. दोन महिने ठीक चाललं. मग तिचं पासबुक भरताना दिसलं, की एकोणऐंशी, एकोणनव्वद, एकशे एकोणसाठ असे पैसे जाताहेत. पेन्शन आहे तिची, तिनं हवी तशी खर्चावी. पण तिला ते ठाऊकच नव्हतं. ती म्हणाली, "अरे, तो 'पुढं जा' म्हणाला, मी 'हो' म्हटलं. नाही कसं म्हणायचं, इतकं गोड विचारतो." ऐंशीच्या बाईच्या भिडस्तपणावर कुणीतरी, कुठंतरी, कॉफी पीत पगार मिळवत होतं. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती योग्यच. पण तो कायदा पैसे जिंकायच्या खेळांना. ह्या गोळ्यावाल्यांच्या गेमात जिंकायला पैसे नसतातच, नुसते हरायला असतात, त्यामुळं ते सुटले. समीक्षक म्हणून माझं मत: ह्या गेमांत हरणारा का हरला हे त्याला कळूच नये अशी व्यवस्था केलेली असते, आणि ज्या गेमात हरणं कळत नाही तो गेम नव्हे, खिसा आहे, दुसऱ्याचा.

मी तो काढून टाकला आणि लुडो घालून दिला. नवी मुंबईत तयार झालेला तो 'लुडो किंग', २०२०च्या टाळेबंदीत घरोघर चालला तोच. आई त्याला सोंगट्याच म्हणते. धाकटी मावशी न्यू जर्सीत असते. तिची सकाळ आणि आईची संध्याकाळ जुळली की डाव मांडतात. फोनवर बोलत बोलत खेळ चालतो. मावशीला लागोपाठ दोन सहा पडले की आई म्हणते, "अमेरिकेचा फासा आहे, पडणारच."

परवा मी मागं उभा राहून बघत होतो. आईला तीन पडले. मावशीची शेवटची सोंगटी घराच्या तोंडाशी, बरोब्बर तीन घरांवर. मी म्हटलं, "आई, मार!" आई म्हणाली, "आता कुठं मारतोस तिची, सबंध पट फिरून आलीये पोर." पोर पंचाहत्तरीची आहे. "अगं, पण तुझी दुसरी सोंगटी हलतच नाही. हीच चाल आहे." आईनं माझ्याकडे पाहिलं, फोन पलंगावर उताणा ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. पडद्यावरचं वेळेचं गोल कडं हळूहळू रिकामं झालं. पाळी गेली. तिकडून मावशी ओरडली, "ताई, झोपलीस की काय?"

"नाही गं," आई म्हणाली, "रेंज गेली होती. टाक तू."